पंधरा कॉर्ड्स येतात, पण पट्टी बदलली की हात थांबतो

वाचकाचा प्रश्न

एक वाचक दीड वर्षापासून गिटार शिकत आहेत. सुरुवातीच्या शिक्षकांनी बोटांच्या ठेवणीच्या आकृत्या देऊन त्यांना थेट गाणी वाजवायला लावले आणि त्यातून पंधराएक कॉर्ड्स (एकत्र वाजवायचे स्वरांचे गट) त्यांच्या हातात बसल्या. पुढे एका जाणकार मित्राने, थिअरी (संगीताचे शास्त्र) नसेल तर हे नुसते पाठांतर आहे, असे बजावल्यामुळे त्यांनी थिअरीचा एक अभ्यासक्रम सुरू केला. आता स्केलची (स्वरांच्या क्रमाची) सूत्रे, पंचमांचे वर्तुळ (पट्ट्यांची नाती दाखवणारी आकृती) आणि मोड्सची (स्केलच्या प्रकारांची) नावे त्यांना तोंडपाठ आहेत, मात्र गिटार हातात घेतल्यावर त्यातले काहीच उपयोगी पडत नाही आणि वाजवण्याचा सरावही मागे पडला आहे. त्यांनी तीन अडचणी सांगितल्या आहेत. सी या कॉर्डवरून एफवर जाताना लय तुटते; गाणाऱ्याने पट्टी खाली मागितली की काय वाजवावे ते सुचत नाही; आणि समोर कागद नसेल तर ऐकून एकाही गाण्याच्या कॉर्ड्स ओळखता येत नाहीत. आधी थिअरी पूर्ण करावी, की ती सोडून फक्त वाजवत राहावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

उत्तर

तुमच्या पत्रात प्रश्न एक आहे आणि अडचणी तीन आहेत, आणि मला प्रश्नापेक्षा त्या अडचणीच अधिक बोलक्या वाटल्या. सी वरून एफवर जाताना लय तुटते ही हाताची अडचण आहे. जगातली सगळी थिअरी वाचून काढली तरी ती सुटणार नाही. पट्टी बदलताना गोंधळ होतो ही माहितीची अडचण आहे. पुढची पाच वर्षे तीच गाणी वाजवत राहिलात तरी ती आपोआप दूर होण्याची शक्यता कमी आहे. आणि ऐकून कॉर्ड ओळखता येत नाही ही कानाची अडचण आहे, जिच्याकडे तुमचे शिक्षक, तुमचा मित्र आणि तुमचा अभ्यासक्रम या तिघांनीही लक्ष दिलेले दिसत नाही. थिअरी की सराव हा वाद नेहमी दोनच पक्षांचा म्हणून मांडला जातो आणि कानाला त्यात कोणी विचारतच नाही. त्यामुळे मी तुम्हाला दोनपैकी एक बाजू निवडून देणार नाही. कोणती अडचण कोणाकडे सोपवायची, एवढे मात्र नक्की सांगता येईल.

त्याआधी तुमच्या मित्राचे गृहीतक तपासून पाहू. थिअरी हा पाया आहे आणि पाया पक्का झाल्याशिवाय वर काही उभारू नये, असे त्यांचे म्हणणे दिसते. ऐकायला ते पटण्याजोगे आहे, पण गिटारचा इतिहास त्याला दुजोरा देत नाही. १६०६ मध्ये फ्लॉरेन्समध्ये जिरोलामो मोंतेसार्दो यांनी त्या काळच्या गिटारसाठी एक पुस्तक छापले, ज्यात प्रत्येक कॉर्डला वर्णमालेतले एक अक्षर दिलेले होते आणि त्या अक्षराचा स्वराच्या नावाशी काहीही संबंध नव्हता. आज आपण जिला जी मेजर म्हणतो ती त्या पद्धतीत ‘ए’ होती, सी मेजर ‘बी’ होती आणि डी मेजर ‘सी’. वादकाने अक्षर पाहावे, बोटे ठेवावीत आणि गाणाऱ्याला साथ करावी, एवढाच त्यामागचा हिशेब होता. तेच तीन स्वर वेगळ्या क्रमाने रचले तरी ती एकाच कॉर्डची निरनिराळी रूपे होत, हा विचार रूढ झाला तो फ्रेंच संगीतकार जाँ-फिलिप रामो यांच्या हार्मनीवरील, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या मेळावरील, ग्रंथामुळे, आणि तो ग्रंथ प्रसिद्ध झाला १७२२ मध्ये. मधल्या शतकभरात गिटारवादक कॉर्ड्स वाजवतच होते. आकृत्या पाहून पंधरा कॉर्ड्स शिकलात म्हणून तुम्ही चुकीच्या दाराने आत आला आहात, असे वाटून घेण्याचे काही कारण नाही. ते या वाद्याचे फार जुने दार आहे.

मात्र याच्या उलट बाजूने जे सांगितले जाते तेही तितकेच तपासून घ्यायला हवे. मोठमोठ्या गिटारवादकांना थिअरी येत नव्हती, मग ती आपल्याला कशाला हवी, असे म्हणणारे जँगो राइनहार्ट आणि वेस माँटगोमेरी या जॅझ गिटारवादकांची नावे घेतात. या दोघांना नोटेशन (स्वरलिपी) वाचता येत नव्हते हे खरे आहे, परंतु नोटेशन वाचणे आणि हार्मनी कळणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. माँटगोमेरी यांनी जॅझ गिटारवादक चार्ली ख्रिश्चन यांचे सोलो ध्वनिमुद्रिकांवरून ऐकून हातात बसवले होते. कोणत्या कॉर्डवर कोणता स्वर काय परिणाम करतो हे ज्याला इतक्या बारकाईने ऐकू येते, त्याला थिअरी येत नाही असे म्हणणे धाडसाचे ठरेल; फार तर तिची पुस्तकी नावे त्याला ठाऊक नव्हती असे म्हणता येईल. तुमच्याकडे सध्या नेमके उलट झाले आहे. नावे भरपूर जमा झाली आहेत, आणि ती ज्यांची नावे आहेत ते आवाज तुम्ही अजून नीट ऐकलेले नाहीत.

आता अडचणींकडे वळू. एफची अडचण मी आधी घेतो, कारण तिचे उत्तर सर्वांत सरळ आहे. पहिल्या फ्रेटवरची (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरील आडव्या पट्ट्यांनी पडलेला घर) ही बार कॉर्ड, म्हणजे एका बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबून धरायची कॉर्ड, बहुतेक सर्वांना छळते, आणि त्याचे कारण असे की नटच्या (मानेच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीच्या) अगदी जवळ तार दाबायला अधिक जोर लागतो. म्हणून तोच आकार आधी पाचव्या फ्रेटवर ठेवून पाहा. तिथे तो ए मेजर वाजेल आणि बराच सोपा वाटेल. तिथे आवाज स्वच्छ येऊ लागला की एकेक फ्रेट खाली सरकत पहिल्या फ्रेटपर्यंत या. दुसरी गोष्ट म्हणजे तर्जनीने सहाही तारा सारख्याच जोराने दाबण्याचा प्रयत्न सोडून द्या. या आकारात (सर्वांत जाड तार सहावी, सर्वांत बारीक पहिली) पाचवी, चौथी आणि तिसरी तार उरलेली तीन बोटे पुढच्या फ्रेट्सवर दाबतच असतात, म्हणजे तर्जनीकडे प्रत्यक्षात सहावी, दुसरी आणि पहिली एवढ्याच तारांचे काम उरते. बोट किंचित कडेवर कलते ठेवले तर ते काम आणखी हलके होते. पाचव्या फ्रेटवर स्वच्छ वाजणारी कॉर्ड महिनाभराच्या सरावानंतरही पहिल्या फ्रेटवर घुसमटतच राहिली, तर नटच्या खाचा उथळ राहून तारा तिथे जास्त उंच असण्याचा संभव आहे. अशा वेळी गिटार एखाद्या दुरुस्ती करणाऱ्याला दाखवावी. वाद्याच्या दोषाचे खापर स्वतःच्या बोटांवर फोडत बसणारे शिकाऊ वादक पुष्कळ असतात.

एफ नीट येईपर्यंत गाणी बंद ठेवण्याची गरज नाही. सी मेजर धरलेली असताना तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर असते. ती तिथेच राहू द्या आणि उरलेली दोन बोटे आहेत त्याच फ्रेट्सवर ठेवून एकेक तार बारीक तारांच्या बाजूला सरकवा. अनामिका चौथ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर येईल, मधले बोट तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर येईल, आणि पहिली तार मोकळीच राहील. जाड दोन तारा टाळून हे वाजवले की एफ मेजर सेव्हन ऐकू येते, जी सीच्या पट्टीतल्या बहुतेक गाण्यांत एफच्या जागी खपून जाते, कारण तिच्यातला जादा स्वर ई हा त्या पट्टीतलाच आहे. लय तुटण्याबद्दल आणखी एक सांगतो. स्ट्रमिंगचा (तारा छेडणारा) हात कोणत्याही परिस्थितीत थांबवू नका. चार मात्रा सी आणि चार मात्रा एफ असे मेट्रोनोमवर (ठेका देणाऱ्या यंत्रावर) मिनिटाला साठ ठोक्यांच्या गतीने वाजवताना शेवटच्या अर्ध्या मात्रेलाच बोटे उचला. त्या क्षणी मोकळ्या तारा वाजल्या तरी चालेल. अनुभवी वादकही कॉर्ड बदलताना असेच करतात, फक्त ऐकणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही. कॉर्ड उशिरा आली तर गाणे सांभाळून घेता येते, पण हात थांबला तर ते सांभाळता येत नाही.

दुसरी अडचण पट्टीची. इथे थिअरी हवी, आणि ती तुम्ही शिकलातही आहात, पण कागदावर. गिटारवरून ती पुन्हा एकदा शिकून घेऊ. सहावी तार मोकळी वाजवा, आणि मग तिच्यावरच दुसरा, चौथा, पाचवा, सातवा, नववा, अकरावा आणि बारावा फ्रेट क्रमाने वाजवा. सारेगम कानात असेल तर हे शुद्ध स्वरांचे सप्तक आहे हे लगेच ओळखू येईल. अभ्यासक्रमाच्या भाषेत हा ई मेजर स्केल. गिटारवर प्रत्येक फ्रेट म्हणजे एक अर्धस्वर, त्यामुळे तुम्ही पाठ केलेले दोन-दोन-एक-दोन-दोन-दोन-एक हे सूत्र इथे डोळ्यांना दिसते आणि बोटांना जाणवतेही. आता यातले एकाआड एक स्वर घ्या. पहिला, तिसरा आणि पाचवा घेतलात तर मधली अंतरे चार आणि तीन फ्रेट्सची निघतील. ती मेजर कॉर्ड झाली. दुसऱ्यापासून सुरुवात करून दुसरा, चौथा आणि सहावा घेतलात तर अंतरे तीन आणि चार अशी उलटी होतील, ती मायनर. असेच पुढे मोजत गेलात तर पहिल्या, चौथ्या आणि पाचव्या जागी मेजर, दुसऱ्या, तिसऱ्या आणि सहाव्या जागी मायनर, आणि सातव्या जागी तीन-तीन अंतरांची डिमिनिश्ड कॉर्ड मिळते. हे कोष्टक कोणत्याही मेजर पट्टीला सारखेच लागू पडते. तुम्हाला सध्या लागणाऱ्या थिअरीचा मोठा भाग या परिच्छेदात येऊन गेला.

याचा उपयोग कसा होतो ते पाहा. समजा एका गाण्यात जी, डी, ई मायनर आणि सी या कॉर्ड्स आहेत. जीच्या पट्टीत त्यांचे क्रमांक एक, पाच, सहा आणि चार होतात. गाणाऱ्याने पट्टी दोन अर्धस्वर खाली मागितली तर पट्टी एफ होईल, आणि त्याच क्रमांकांवर एफ, सी, डी मायनर आणि बी फ्लॅट येतील. यातली एफ आणि बी फ्लॅट पाहून तुमचा हात आखडेल हे मला कळते, म्हणून इथे कॅपो, म्हणजे एखाद्या फ्रेटवर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, वापरावा. कॅपो सूर फक्त वर नेऊ शकतो, खाली नाही. तेव्हा हव्या त्या पट्टीपेक्षा खालचे आकार निवडायचे आणि कॅपोने वर यायचे. कॅपो तिसऱ्या फ्रेटवर लावून डीचे आकार वाजवलेत तर एफची पट्टी मिळते, आणि आकार होतात डी, ए, बी मायनर आणि जी. त्यातली बी मायनरही नको असेल तर कॅपो पाचव्या फ्रेटवर लावा आणि सी, जी, ए मायनर, एफ हे आकार वाजवा. एफपासून पूर्ण सुटका होत नाही, पण कॅपोला चिकटलेली एफ नटजवळच्या एफपेक्षा पुष्कळ सौम्य असते. एवढे करण्यासाठी पंचमांचे वर्तुळ लागत नाही. तुम्हाला रोज वाजवत असलेल्या चार-पाच गाण्यांच्या कागदांवर कॉर्डच्या नावाशेजारी क्रमांक लिहून ठेवायचे आहेत, आणि आठवड्यातून एकदा त्यातले एखादे गाणे दुसऱ्या पट्टीत वाजवून पाहायचे आहे.

थिअरी गिटार हातात घेतल्यावर आठवत नाही, या तुमच्या तक्रारीवर थोडे अधिक बोलायला हवे, कारण असे लिहिणारे तुम्ही एकटे नाही. हा तुमच्या स्मरणशक्तीचा दोष आहे असे मला वाटत नाही. थिअरीची बरीचशी मांडणी कीबोर्ड डोळ्यांसमोर ठेवून केलेली असते, जिथे स्वर एका ओळीत बसलेले असतात आणि प्रत्येक स्वराला एकच जागा असते. गिटारवर तसे नाही. मोकळ्या पहिल्या तारेचा ई हाच स्वर, त्याच उंचीवर, दुसऱ्या तारेच्या पाचव्या, तिसऱ्या तारेच्या नवव्या आणि चौथ्या तारेच्या चौदाव्या फ्रेटवरही सापडतो. शिवाय शेजारच्या दोन तारांमध्ये सगळीकडे पाच अर्धस्वरांचे अंतर असते, पण तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेत ते चारच असते. ही एक गोष्ट कळली की हातात आधीच असलेल्या कॉर्ड्स अचानक एकमेकींशी बोलू लागतात.

ते स्वतः करून पाहण्यासारखे आहे. ई मेजर धरा. तिसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवरचे बोट उचला. ई मायनर वाजेल. एका बोटाने जो स्वर खाली आला तो कॉर्डमधला तिसरा स्वर आहे, शुद्ध गांधाराचा कोमल गांधार झाला आहे, आणि मेजर-मायनरमधला सगळा फरक तेवढाच आहे. आता ई मेजरची तिन्ही बोटे, आकार न मोडता, एकेक तार बारीक तारांच्या बाजूला सरकवा. सगळे स्वर सारखेच वर गेले असते तर ए मेजर मिळायला हवी होती. मिळते मात्र ए मायनर. तुम्ही ती कित्येक वेळा वाजवली आहे. ती मायनर का होते याचे उत्तर वर सांगितलेल्या त्या चार अर्धस्वरांच्या अंतरात आहे. तिसऱ्या तारेवरचे बोट दुसऱ्या तारेवर गेले, तेव्हा ते पाचाऐवजी चारच अर्धस्वर वर चढले, आणि त्यामुळे सी शार्पच्या जागी सी वाजला. ए मेजर हवी असेल तर तेच बोट एक फ्रेट पुढे न्यावे लागते, आणि तुमच्या आकृतीत ए मेजरची तिन्ही बोटे दुसऱ्या फ्रेटवर एका ओळीत का दिसतात याचा उलगडा होतो. याच ए मायनरचा आकार दोन फ्रेट्स वर सरकवून मागे बार धरली की बी मायनर होते, आणि ई मेजरचा आकार एक फ्रेट सरकवून बार धरली की तुम्हाला छळणारी एफ. पंधरा सुट्या आकृत्या पाठ करण्याऐवजी चार-पाच आकारांची ही नाती ओळखलीत तर न शिकलेल्या कॉर्ड्सही तुमच्या तुम्हाला शोधता येतील. अभ्यासक्रमातला एखादा धडा असा हातावर उतरवता येत नसेल तर तो धडा सध्या तुमच्यासाठी नाही, असे मी बेधडक म्हणेन.

आता कानाकडे येऊ. यात मी तुम्हाला झटपट प्रगतीचे आश्वासन देऊ शकत नाही, पण काम कुठून सुरू करावे ते सांगतो. गाणे लावल्यावर गिटार लगेच हातात घेऊ नका. तळाशी चालणारा स्वर गुणगुणायचा प्रयत्न करा, आणि तो गळ्यात आल्यावरच सहाव्या किंवा पाचव्या तारेवर शोधा. बहुतेक वेळा तोच कॉर्डचा मूळ स्वर असतो, नेहमीच नसतो, पण सुरुवातीला तसे धरून चालायला हरकत नाही. गाण्याची पट्टी सापडली की थिअरी पुन्हा मदतीला येते, कारण साध्या गाण्यात शक्यता मुख्यतः वरच्या कोष्टकातल्या सहा कॉर्ड्सपुरत्या उरतात आणि तळाचा स्वर त्यातली एक दाखवून देतो. अंदाज आणि पडताळा, अंदाज आणि पडताळा, असेच हे काम चालते. एका गाण्याला पूर्ण संध्याकाळ लागली तरी ती वाया गेली असे समजू नये.

यासाठी एक छोटा अभ्यासही करता येईल. फोनवर स्वतःचेच वाजवणे ध्वनिमुद्रित करा: सी वाजवा, थोडे थांबा, मग एफ किंवा जी यांपैकी मनाला येईल ती वाजवा, पुन्हा सी. अशा वीसेक जोड्या झाल्या की दुसऱ्या दिवशी गिटार बाजूला ठेवून त्या ऐका आणि मधली कॉर्ड ओळखा. ए मायनर या खेळात उशिरा आणा. तिचे सी आणि ई हे दोन स्वर सी मेजरमध्येही असल्यामुळे सुरुवातीला कान फसतो. या अभ्यासासोबत जी सेव्हनही (जी कॉर्डला एफ हा स्वर जोडलेली) वाजवून पाहा. तिच्यात तर्जनी पहिल्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर, म्हणजे एफवर असते, आणि दुसरी तार मोकळी, म्हणजे बी वाजत असते. जी सेव्हन वाजवून थांबा. काहीतरी अर्धवट राहिल्याची जाणीव होईल. मग सी वाजवा: पहिली तार मोकळी झाल्याने एफ अर्धा स्वर उतरून ईवर आला, आणि तर्जनी दुसऱ्या तारेवर आल्याने बी अर्धा स्वर चढून सीवर गेला. पाच क्रमांकाची कॉर्ड एककडे ओढली जाते असे वाक्य तुमच्या अभ्यासक्रमात नक्कीच असेल. त्या ओढीचा आवाज हा असा आहे. एकदा तो कानाने पकडला की तो पुढच्या गाण्यात स्वतःहून भेटायला येतो.

हे कोष्टक म्हणजे कायदा आहे असे मात्र समजू नका. ब्लूजमध्ये एक, चार आणि पाच या तिन्ही जागांवर सेव्हन कॉर्ड सर्रास वाजते, कोष्टकाप्रमाणे तशी सेव्हन फक्त पाचव्या जागी बसते. जिमी हेंड्रिक्स यांच्यामुळे रॉकमध्ये गाजलेली ई सेव्हन शार्प नाइन ही कॉर्ड तर जी शार्प आणि जी हे दोन्ही स्वर एकाच वेळी वाजवते, म्हणजे मेजर आणि मायनर दोघींनाही एका घरात ठेवते, आणि तिचा तो करकरीत रंग त्यातूनच येतो. नियमात न बसणारी गोष्ट कानाला आवडली तर कानाचे ऐकावे आणि नियमात ती का बसत नाही हे नंतर सवडीने शोधावे.

वेळेच्या वाटणीबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगतो, कारण सगळा घोळ तिथेच झाला आहे. रोज अर्धा तास मिळत असेल तर वीस मिनिटे हातासाठी ठेवावीत, म्हणजे कॉर्ड बदलणे, लय आणि एखादे पूर्ण गाणे. पाच मिनिटे कानासाठी. आणि पाचच मिनिटे थिअरीसाठी, तीही गिटार मांडीवर ठेवून. आज वाचलेली गोष्ट आजच वाजवून ऐकता आली पाहिजे, एवढी एकच अट थिअरीला घाला. मोड्सची नावे आणि पंचमांचे वर्तुळ सध्या बाजूला राहू द्या. ती निरुपयोगी आहेत म्हणून नव्हे. तुमच्या हातातल्या गाण्यांना त्यांची गरज अजून पडलेली नाही, आणि गरज पडल्यावर ती एका दुपारीत कळतील. त्याऐवजी सहाव्या आणि पाचव्या तारेवरचे बाराव्या फ्रेटपर्यंतचे स्वर पाठ करा. हे रटाळ काम आहे, पण पट्टी बदलणे, बार कॉर्ड्स शोधणे आणि तळाचा स्वर ओळखणे या तिन्ही ठिकाणी ते लागते.

तुमच्यासारखीच द्विधा असलेल्या इतर वाचकांची परिस्थिती वेगळी असू शकते. ज्यांनी दोन-तीन महिन्यांपूर्वीच गिटार हातात घेतली आहे त्यांनी तारांची नावे आणि सुरात लावणे यापलीकडे थिअरीच्या वाटेला जाऊ नये. बोटांना घट्टे पडेपर्यंत त्यांचा प्रश्न निव्वळ हाताचा आहे. ज्यांना स्वतः चाली बांधायच्या आहेत किंवा जॅझ वाजवायचे आहे त्यांना थिअरी लवकर आणि अधिक प्रमाणात लागेल, आणि त्यांनी ती कंटाळा न करता घ्यावी. गाणे शिकलेल्यांचा कान आधीच तयार असतो, त्यामुळे कॉर्ड्सचे क्रमांक त्यांना फार पटकन उमगतात. त्यांची खरी अडचण बहुधा एकाच वेळी तीन-चार स्वर ऐकण्याची असते, आणि त्यांनी कॉर्डमधला प्रत्येक स्वर सुटा वाजवून गाऊन पाहावा.

शेवटी तुमच्या शिक्षकांविषयी आणि अभ्यासक्रमाविषयी. दोन्हींपैकी काहीही सोडण्याची गरज नाही, पण अभ्यासक्रमाचा पुढचा धडा महिनाभर उघडू नका आणि मागचे धडे वर सांगितल्याप्रमाणे गिटारवर वाजवून काढा. शिक्षकांकडे जाताना तुम्हाला येत असलेले एखादे गाणे घेऊन जा आणि त्यांना दोनच गोष्टी विचारा: या गाण्याची पट्टी तुम्ही ऐकून कशी ओळखता, आणि हेच गाणे दुसऱ्या पट्टीत वाजवताना तुमच्या मनात काय चालते. त्यांनी वाजवून दाखवत उत्तर दिले तर तुम्हाला हवा तो शिक्षक आधीच मिळालेला आहे. ते उत्तर टाळून नवी आकृती हातात ठेवू लागले, तर हातासाठी त्यांच्याकडे जात राहा आणि या दोन प्रश्नांसाठी दुसरे कोणी शोधा. पट्टी बदलून साथ करण्याची सवय असलेला कोणताही वादक त्यासाठी चालेल, मग तो गिटारवादक नसला तरी हरकत नाही.